फिलिपिनो कला पाहण्यासाठी : परंपरा आणि समकालीनता यांच्या तुलनेची वाट

फिलिपिन्सची कला नव्याने अभ्यासू लागणाऱ्याच्या हाती बहुधा एक सरळ काळरेषा येते : आधी डोंगरी जमातींचे विणकाम आणि लाकडी कोरीवकाम, मग स्पॅनिश चर्चमधील संतमूर्ती, मग अमेरिकी अमलातील निसर्गचित्रे आणि शेवटी आजची मांडणशिल्पे (इन्स्टॉलेशन). ही रेषा पाठ करायला सोयीची असली तरी तिच्या आधाराने केलेली तुलना पहिल्याच पावलाला चुकते, कारण रेषेच्या आरंभी ठेवलेल्या बहुतेक गोष्टी आजही घडत आहेत. दक्षिणेकडील मिंदानाव बेटावर आज सकाळी मागावर बसलेली विणकर आणि मनिलात आज सकाळी व्हिडिओचे संकलन करणारी कलावंत या एकाच काळातील दोन बायका आहेत. म्हणून तुलना ‘जुने’ आणि ‘नवे’ अशी न करता, ही वस्तू कोणी केली, कोणासाठी केली, तिचे ज्ञान कोणाच्या ताब्यात आहे आणि ती लोकांच्या जगण्यात कोणते काम करते, या प्रश्नांवर करावी. पुढील पायऱ्या याच प्रश्नांभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : तीन कप्पे वेगळे करावेत

आधुनिक आणि समकालीन या दोन गोष्टी एक समजल्या तर पुढचे सारे गोंधळाचे होते. फिलिपिनो चित्रकलेतील आधुनिकतेची सुरुवात साधारणपणे १९२८ पासून मानतात, कारण त्या वर्षी अमेरिकेत शिकून परतलेल्या व्हिक्टोरियो एदादेस यांनी मनिलातील प्रदर्शनात ‘द बिल्डर्स’ हे मळकट रंगांतील, श्रमाने वाकलेल्या मजुरांचे चित्र मांडले आणि फर्नांदो आमोर्सोलो यांच्या सोनेरी उन्हातल्या भातशेतांवर पोसलेल्या रसिकांना ते रुचले नाही. समकालीन म्हणतात ते साधारण १९७० च्या आसपासपासूनच्या कामांना, ज्यांत कल्पना, जागा, प्रेक्षकाचा सहभाग आणि राजकीय प्रश्न हे रंगरेषांइतकेच महत्त्वाचे ठरतात. पारंपरिक कला या दोहोंच्या मागे उभी नसून बाजूला उभी आहे. तिचे ज्ञान एका समाजाचे असते, ते घरात किंवा वडीलधाऱ्यांकडून शिकवले जाते आणि त्या वस्तूला लग्न, जन्म, पेरणी, मृत्यू अशा प्रसंगी ठरलेले काम असते.

फिलिपिन्स सरकारनेही हे दोन प्रवाह वेगळ्या सन्मानांत वाटले आहेत. ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान १९७२ मध्ये सुरू झाला आणि त्याचे पहिले मानकरी, मरणोत्तर, आमोर्सोलो ठरले. लोकपरंपरेतील कारागिरांसाठी मात्र १९९२ मध्ये वेगळा कायदा होऊन ‘गावाद सा मान्लिलिखा नांग बायान’ हा सन्मान निर्माण झाला आणि तो स्वीकारणाऱ्यावर आपली कला पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी आली. या विभागणीमुळे दुर्गम गावांतील विणकरांना मान आणि मानधन मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. पण एका बाजूला ‘कलावंत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कारागीर’ अशी उतरंडही तिच्यामुळे नकळत पक्की झाली, असे माझे मत आहे, आणि तुलना करणाऱ्याने ती उतरंड आपल्या वहीत शिरू देऊ नये.

दुसरी पायरी : नकाशा समोर ठेवावा

सात हजार सहाशेहून अधिक बेटांच्या देशात ‘पारंपरिक फिलिपिनो कला’ असे सरसकट लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. नवख्याने निदान चार मुलूख ओळखावेत. लुझोन या उत्तरेकडील मोठ्या बेटाच्या उत्तर भागातील कॉर्डिलेरा पर्वतराजीत इफुगाओ, कालिंगा, बोंतोक इत्यादी समाज राहतात आणि तेथे स्पेनचा अंमल कधीच पुरता बसला नाही. लुझोन आणि मधल्या विसायास बेटांचा सखल प्रदेश तीनशेहून अधिक वर्षे स्पॅनिश राज्यात राहून कॅथलिक झाला. मिंदानावच्या पश्चिमेला आणि सुलू बेटांवर मारानाव, तौसुग, मागिंदानाव, यकान असे मुस्लिम समाज आहेत. मिंदानावच्याच डोंगरांत तिबोली, ब्लाआन, बागोबो असे न मुस्लिम न ख्रिस्ती झालेले, किंवा फार उशिरा झालेले समाज आहेत. प्रत्येक मुलखाची सामग्री, देवता आणि आकारांचे नियम वेगळे असल्यामुळे वस्तूची नोंद करताना समाजाचे आणि गावाचे नाव आधी लिहावे.

स्पेनच्या आधी येथे कोरी पाटी होती, हा समजही याच पायरीवर सोडून द्यावा. पलावान बेटावरील गुहांत १९६४ मध्ये सापडलेल्या मानुंगुल कुंभाच्या झाकणावर परलोकी निघालेल्या नावेत बसलेल्या दोन आकृती आहेत आणि तो कुंभ इसवी सनापूर्वी आठव्या-नवव्या शतकांतील मानला जातो. मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल असा पुरावा म्हणजे लागुना प्रांतात १९८९ मध्ये मिळालेला ताम्रपट. त्यावरची तिथी शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी अशी आहे, म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगात आजही चालणारी शकगणना अकराशे वर्षांपूर्वी मनिलाच्या परिसरात कर्जमुक्तीचा दस्तऐवज लिहिण्यासाठी वापरली जात होती. हा पट कलाकृती नव्हे, पण या बेटांवर परंपरा नेहमीच बाहेरच्यांशी देवाणघेवाण करीत घडली, हे त्याच्याइतके नेमके दुसरे काही सांगत नाही.

तिसरी पायरी : एक पारंपरिक वस्तू मुळापासून समजून घ्यावी

वीस वस्तूंची वरवर ओळख करून घेण्यापेक्षा एकच वस्तू तंतूपासून शेवटपर्यंत जाणून घेणे अधिक उपयोगाचे असते. त्यासाठी मी दक्षिण कोताबातो प्रांतातील सेबू सरोवराकाठच्या तिबोली स्त्रियांचे तिनालक हे कापड सुचवीन.

तिनालक अबाकाच्या तंतूंपासून विणतात. अबाका ही केळीच्या कुळातील वनस्पती असून तिच्या खोडाच्या पापुद्र्यांतून तंतू ओढून काढतात, वाळवतात, सारख्या जाडीचे निवडतात आणि टोकाला टोक बांधून लांब धागा तयार करतात. विणण्यापूर्वीच ताण्याच्या धाग्यांवर ठिकठिकाणी घट्ट बांधून ते रंगात बुडवले जातात, म्हणजे बांधलेला भाग कोरा राहतो. ही इकतचीच पद्धत आहे. काळा आणि तांबडा रंग झाडांची पाने आणि मुळे दीर्घकाळ उकळून मिळवतात आणि अबाकाचा मूळ पिवळसर पांढरा हा तिसरा रंग ठरतो. नक्षी कागदावर कोठेही काढलेली नसते. कोणता धागा कोठे बांधायचा हे विणकर मनात धरते आणि बांधताना हाताने मोजत जाते. माग कमरेला बांधलेला असल्याने ताण तिच्या स्वतःच्या अंगाने राखला जातो. विणून झालेले कापड कवडीने घासून चमकवतात. एक लांब पट्टा पुरा व्हायला महिने लागतात.

यानंतरचा भाग तुलनेसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. तिबोली श्रद्धेनुसार नक्षी विणकराला स्वप्नात मिळते आणि ती देणारी शक्ती म्हणजे फू दालू, अबाकाची अधिष्ठात्री. विणकाम चालू असताना पाळायचे निर्बंध आहेत, कापड ओलांडून जात नाहीत, आणि लग्नातील देवघेवीत तसेच बाळंतपणात त्याचा वापर होतो. १९९८ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळालेल्या लांग दुलाय यांना शंभराच्या आसपास नक्ष्या तोंडपाठ होत्या. बाराव्या वर्षी आईकडून शिकलेल्या या बाईंनी आपल्या गावात पुढच्या मुलींना शिकवले आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. नक्षी स्वप्नातून आली असे म्हणणारी विणकर ‘ही माझी निर्मिती’ असा दावा आपल्या सवयीच्या अर्थाने करीत नाही. तरीही कोणते कापड लांग दुलाय यांच्या हातचे आहे, हे जाणकार सांगू शकत. कलावंताची ओळख आणि समाजाची मालकी एकाच वस्तूत कशी नांदते, हे येथे स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच ‘पारंपरिक कलेत व्यक्तीला स्थान नसते’ हे पुस्तकी विधान तपासल्याशिवाय उतरवून घेऊ नये.

चौथी पायरी : मधली शतके थोडक्यात, पण चुकवू नयेत

१८२१ मध्ये दामियान दोमिंगो यांनी मनिलात चित्रशाळा काढली. १८८४ च्या माद्रिदमधील प्रदर्शनात हुआन लुना यांच्या ‘स्पोलियारियुम’ या भव्य चित्राने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा वसाहतीतील माणूस युरोपच्या निकषांवर युरोपला मागे टाकू शकतो, असा अर्थ फिलिपिनो सुशिक्षितांनी त्यातून घेतला. अमेरिकी काळात आमोर्सोलो, मग एदादेस आणि त्यांचे अनुयायी, आणि १९५५ मध्ये जुन्या वळणाच्या चित्रकारांनी आधुनिकांना मिळालेल्या पारितोषिकांच्या निषेधार्थ प्रदर्शनातून आपली चित्रे बाहेर नेली, तो गाजलेला प्रसंग. नवख्याने येथे सावध राहावे : मनिलाच्या त्या वादात ‘परंपरावादी’ म्हणून ओळखले गेलेले लोक युरोपीय अकादमीच्या शैलीत रंगवणारे होते आणि विणकर किंवा मूर्तिकार त्या वादात कोठेच नव्हते.

१९७२ मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यानंतर कलेची दिशा पुन्हा फिरली. १९७६ मध्ये ‘काइसाहान’ हा गट उभा राहिला आणि पाब्लो बाएन्स सांतोस, आंतिपास देलोतावो आदींनी मजूर, विस्थापित आणि परदेशी मक्तेदारी हे विषय कॅनव्हासवर आणले, तर सरकारी सांस्कृतिक केंद्रातून सुरुवात केलेल्या रॉबर्तो चाबेत यांनी कल्पनाप्रधान कलेची शाळाच घडवली. पुढे १९८७ मध्ये कॉर्डिलेरातील बागियो शहरात सांतियागो बोसे आणि त्यांच्या मित्रांनी कलावंतांचा संघ स्थापन केला. बांबू, माती, वेत, वाळके गवत अशी स्थानिक सामग्री समकालीन कलेत मानाने आली ती प्रामुख्याने या मंडळींमुळे. रॉबर्तो व्हियानुएवा यांनी १९८९ मध्ये मनिलाच्या सांस्कृतिक केंद्राच्या आवारात डोंगरी बोरूंचा प्रचंड चक्रव्यूह उभारला, त्यात शिरून मध्यापर्यंत चालत जावे लागे. ते काम पाहण्याचे नव्हते, आत जाण्याचे होते, आणि कॉर्डिलेरातील विधींशी त्याचे नाते याच गोष्टीत होते.

पाचवी पायरी : जोड्या लावाव्यात

आता प्रत्यक्ष तुलना सुरू करावी. एकच सामग्री, एकच आकार किंवा एकच प्रश्न असलेल्या दोन वस्तू शेजारी ठेवाव्यात, म्हणजे फरक आपोआप बोलके होतात. विणकामाची जोडी सर्वांत सोपी पडते. तिनालकाच्या शेजारी पासिता आबाद यांचे काम ठेवावे. बातानेस बेटांवर १९४६ मध्ये जन्मलेल्या या चित्रकर्तीने रंगवलेल्या कॅनव्हासला अस्तर लावून, आत भरण घालून, टाचून, वर शिंपले, बटणे, आरसे आणि कापडाचे तुकडे शिवून मोठी उठावदार चित्रे केली. बांगलादेश, सुदान आणि इतर अनेक देशांत राहून तिने तेथील शिवणकाम शिकून घेतले होते. तिबोली विणकर एका गावाच्या ज्ञानात खोल उतरते, आबाद अनेक गावांचे ज्ञान एका कापडावर गोळा करते. दोघींच्या कामात हाताचे कष्ट सारखेच आहेत, पण पहिलीच्या कापडाला लग्नघरात जागा आहे आणि दुसरीच्या कापडाला भिंत लागते.

याच्या पुढची जोडी मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात दोन्ही बाजू एकाच कामात आल्या. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात फिलिपिन्सच्या दालनात कलावंत जेरार्दो तान, संगीताच्या अभ्यासक फेलिसिदाद प्रुदेन्ते आणि इफुगाओ विणकर सॅमी बुहले या तिघांनी मिळून काम मांडले, त्यात मागाचा आवाज लिपीबद्ध करून त्या लिपीवरून पुन्हा कापड विणले होते. विणकराचे नाव येथे साहाय्यक म्हणून कोपऱ्यात न येता कलावंत म्हणून आले. अशी उदाहरणे शोधावीत आणि श्रेयनामावली आवर्जून वाचावी.

लाकडाच्या बाबतीत बुलुलपासून सुरुवात करावी. इफुगाओंच्या धान्यकोठारात बसवलेल्या या राखणदार मूर्ती बहुधा जोडीने असतात. कोरून झाल्यावर पुरोहिताच्या विधीने, बळीच्या रक्ताने आणि तांदळाच्या मद्याने त्यांना सामर्थ्य दिले जाते, आणि वर्षानुवर्षांच्या या लेपनाने त्यांच्यावर काळसर पुटे चढतात. पर्यटकांसाठी कोरलेला बुलुल आकाराने तसाच असतो, पण त्याच्यावर कोठाराची जबाबदारी कधी सोपवलेलीच नसते. त्याच्या जोडीला बागियोचे किदलात ताहिमिक यांचे काम पाहावे. २०२१ मध्ये माद्रिदच्या काचमहालात त्यांनी इफुगाओ कारागिरांसह घडवलेल्या लाकडी आकृतींचा मोठा समूह मांडला, त्यात इफुगाओंची वाऱ्याची देवता आणि हॉलिवूडची मेरिलिन मन्रो एकमेकींसमोर उभ्या होत्या. हा काचमहाल १८८७ मध्ये स्पेनने भरवलेल्या फिलिपिन्स प्रदर्शनासाठीच बांधला होता आणि त्या प्रदर्शनात कॉर्डिलेरातील जिवंत माणसे प्रेक्षकांपुढे उभी केली होती. त्याच छताखाली सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच डोंगरांतील कोरीवकाम पाहुणे म्हणून आले. हा संदर्भ ठाऊक नसेल तर प्रेक्षकाला केवळ लाकडी बाहुल्यांची गर्दी दिसते, आणि समकालीन काम वाचताना जागेचा इतिहास विचारायचा तो याचसाठी.

मारानावांची ओकिर नक्षी, म्हणजे वेली, नेचाचे कोंब आणि नागाच्या वळणांची गुंफण, सरदारांच्या मोठ्या घरांच्या तुळयांच्या टोकांवर, पितळी भांड्यांवर आणि ध्वजांवर दिसते. चोचीत किंवा पंजात मासा धरलेला सारिमानोक हा पक्षी याच नक्षीत वसतो. लानाव देल सुर प्रांतातील तुगाया हे गाव आजही या पितळकामासाठी ओळखले जाते. शेजारी अब्दुलमारी इमाव यांची शिल्पे ठेवावीत. सुलूमधील तौसुग घरात १९३६ मध्ये जन्मलेल्या इमावांनी अमेरिकेत शिल्पकलेचे शिक्षण घेतले, पितळेचे ओतकाम आत्मसात केले, सारिमानोकला भांड्यावरून उतरवून स्वतंत्र शिल्पात उभे केले आणि २००६ मध्ये ते राष्ट्रीय कलावंत झाले. ते तौसुग होते आणि हा पक्षी मारानावांचा, ही गोष्ट विसरू नये. परंपरेतील उसनवारी केवळ मनिला आणि डोंगर यांच्यात नसते, शेजारच्या दोन समाजांतही असते.

आणखी एक जोडी संतमूर्तींची लावता येते. स्पॅनिशांनी आणलेली म्हणून तिला परंपरेतून वगळणे योग्य नाही, कारण लागुनातील पाएते आणि पांपांगातील बेतिस येथील कोरीवकाम करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आली आहेत. गोव्याच्या वाचकाला हे चटकन पटेल : हस्तिदंती ख्रिस्त आणि मेरी गोव्यातील कारागिरांनीही घडवले आणि मनिलातील चिनी वंशाच्या कारागिरांनीही, आणि दोन्हीकडे मूर्तींच्या चेहऱ्यांवर स्थानिक हाताची छाया उतरली. मनिलाची हस्तिदंती मूर्ती १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या गलबतांतून मेक्सिकोला जाई. आज नोर्बेर्तो रोल्दान यांच्यासारखे कलावंत जुनी धर्मवस्त्रे, ताईत आणि घरातील देव्हाऱ्यांतील वस्तू एकत्र रचून श्रद्धा आणि सत्ता यांच्याविषयी प्रश्न विचारतात.

सहावी पायरी : परवानगी आणि मोबदल्याचा प्रश्न प्रत्येक जोडीला विचारावा

कालिंगा प्रांतातील बुस्कालान गावच्या गोंदणकार व्हांग-ओद यांचे चित्र २०२३ मध्ये, त्यांच्या १०६ व्या वर्षी, ‘व्होग फिलिपिन्स’च्या मुखपृष्ठावर आले. बांबूच्या काठीला बसवलेला काटा आणि काजळीची शाई यांनी त्या गोंदण करतात. पूर्वी पुरुषाच्या अंगावरचे गोंदण शौर्याने कमवावे लागे, आता देशोदेशीचे तरुण रांग लावतात आणि त्यांची सही ठरलेले तीन ठिपके घेऊन परततात. ही विद्या रक्ताच्या नात्यातच द्यावी असा संकेत असल्याने त्यांनी ती आपल्या भावंडांच्या नातींना दिली. अशा कामाची नोंद करताना पूर्वीचा अर्थ गेला म्हणून हळहळण्याची घाई करू नये. गावाला त्यातून काय मिळते, कोणत्या नक्ष्या पाहुण्यांना दिल्या जातात आणि कोणत्या राखून ठेवल्या जातात, हे आधी पाहावे.

१९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने फिलिपिन्समधील समाजांना आपल्या ज्ञानाच्या वापरासाठी आधी, मोकळेपणाने आणि पूर्ण माहितीनिशी संमती देण्याचा अधिकार दिला आहे. म्हणून पिशवीवर छापलेले तिनालक, यंत्राने विणलेली कॉर्डिलेरी पट्टी किंवा फॅशनच्या मंचावर आलेली ओकिर नक्षी दिसली की, समाजाचे नाव दिले आहे का आणि कारागिराला वाटा मिळाला का, हे तुलनेच्या नोंदीतच लिहावे. हा कलेबाहेरचा प्रश्न नाही. ज्या कापडाची नक्षी फू दालूच्या परवानगीने विणली जाते, त्याच्या बाबतीत परवानगी हा कापडाचाच भाग आहे.

सातवी पायरी : कोठे पाहावे आणि कसे टिपावे

मनिलात राष्ट्रीय संग्रहालयाच्या दोन इमारती एका दिवसात जोडून पाहाव्यात. ललित कला विभागात ‘स्पोलियारियुम’ आणि आधुनिक चित्रकार, तर मानववंशशास्त्र विभागात मानुंगुल कुंभ, विणकाम आणि बुलुल आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. वेळ आधी तपासावी. नवख्याने आधी मानववंशशास्त्र विभागात जावे, असा माझा आग्रह आहे, कारण उलट क्रमाने गेल्यास डोळे चित्रांच्या चौकटीला सरावतात आणि कापड केवळ नमुना वाटू लागते. बागियोजवळील बेनकाब संग्रहालयात, जे चित्रकार बेनेदिक्तो काब्रेरा यांनी २००९ मध्ये उघडले, बुलुलांचा संग्रह आणि समकालीन चित्रे एकाच छताखाली असल्यामुळे पाचव्या पायरीचा सराव तेथे उत्तम होतो.

फिलिपिन्सला जाणे शक्य नसलेल्या मराठी वाचकांनाही वाटा आहेत. सिंगापूरमधील आशियाई संस्कृती संग्रहालयाच्या ख्रिस्ती कलेच्या दालनात गोवा आणि मनिला या दोन्ही ठिकाणची कामे पाहता येतात, आणि त्याच शहरातील नदीवरचा अल्काफ पूल पासिता आबाद यांनी २००४ मध्ये, निधनाच्या वर्षीच, रंगवून काढला. शिकागोतील फील्ड संग्रहालयात मिंदानावच्या अगुसान भागात १९१७ मध्ये मिळालेली सोन्याची स्त्रीमूर्ती आहे. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय तर अनेकांना एका दिवसाच्या प्रवासात गाठता येईल. तेथील हस्तिदंती मूर्ती मनिलाच्या मूर्तींच्या छायाचित्रांशी ताडून पाहणे हा आपली पहिली जोडी लावण्यासाठी चांगला अभ्यास ठरतो.

टिपण करताना वहीचे पान उभे दुभागावे आणि दोन्ही बाजूंना सारखेच प्रश्न लिहावेत : समाज आणि गाव, करणाऱ्याचे नाव, सामग्री कोठून आली, शिकवले कोणी, वस्तू कोणत्या प्रसंगी वापरतात, कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, विकली जाते का आणि पैसे कोणाला जातात. संग्रहालयातील पाटीवर पारंपरिक वस्तूपुढे ‘अज्ञात’ आणि समकालीन कामापुढे पूर्ण नाव असे अनेकदा आढळते. ‘अज्ञात’ हा शब्द जसाच्या तसा उतरवू नये. ती वस्तू कोणत्या वर्षी, कोणत्या गावातून, कोणी गोळा केली, हे विचारून लिहावे, कारण पुष्कळदा करणारीचे नाव गोळा करणाऱ्याने विचारलेलेच नसते. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. जेथे जागा कोरी राहील तेथे ती कोरीच ठेवून पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे.